जुन्या खोक्याला हात लावण्याआधी

जुन्या व्हिडिओ गेमची कॅसेट हातात घेतली तर ती स्वतःबद्दल फार थोडं सांगते. काळं नाहीतर पिवळं प्लास्टिक, वर डकवलेलं चित्र, आत एक हिरवी पट्टी. ती कुणी बनवली, विकायला कुणी आणली, कोणत्या साली, किती रुपयांना, यातलं काहीच तिच्या अंगावर सापडत नाही. ही सगळी माहिती असते पुठ्ठ्याच्या खोक्यावर, आणि घरात नवी वस्तू आली की पहिल्या आठवड्यात रद्दीत जातो तो नेमका हाच खोका. ज्या घरांनी तो आळसाने का होईना माळ्यावर टाकून ठेवला, त्यांच्याकडे आज तो दबलेला, फाटलेला, कसर लागलेला निघतो. मग प्रश्न उभा राहतो की तो दुरुस्त करावा का, आणि करायचा तर कुठवर.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. खोका हा कागदपत्र आहे. त्याची दुरुस्ती कागदपत्राच्या नियमांनी व्हावी, गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगच्या नियमांनी नव्हे. जी दुरुस्ती झीज थांबवते, जी उद्या दुसऱ्या कुणाला सोडवून काढता येते आणि जी केल्याचं उघड सांगितलं जातं, ती जरूर करावी. खोका नवाच आहे असं भासवणारी दुरुस्ती मात्र कितीही सफाईदार असली तरी तिने पुरावा पुसला जातो.

साक्रीसारख्या ठिकाणी हा प्रश्न जास्त खरा आहे, असं मला वाटतं. सुरत-नागपूर महामार्गावरचं हे तालुक्याचं गाव. माल इथे धुळ्याकडून येतो तसा नवापूरमार्गे सुरतेकडूनही येतो. नव्वदच्या दशकात टीव्ही गेम घरोघरी दिसू लागले तेव्हा बहुतेकांचं मूळ एकच होतं, जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणलेला फॅमिकॉम. भारतात निन्टेन्डोच्या परवान्याने ‘सामुराई’ नावाचा संच विकला गेला, पण तो परवडणारी घरं थोडी. बाकीचे खेळले ते फॅमिकॉमच्या नकलांवर. ‘मीडिया’, ‘लिटिल मास्टर’ ही नावं त्या पिढीला आजही आठवतात, आणि कित्येक संचांना तर नावच नव्हतं. कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ छापलेलं असायचं आणि आत मोजकेच खेळ, नावं आणि लेव्हल बदलून पुन्हा पुन्हा. मारिओ, कॉन्ट्रा, टँक, डक हंट. उन्हाळ्याच्या सुटीत वीज असेल तेवढा वेळ या चारांवर आमच्याकडची एक अख्खी पिढी वाढली.

आता या नकलांचा इतिहास उद्या कुणाला लिहायचा झाला तर साधनं कोणती? मूळ कंपनीकडे तिच्या प्रत्येक खेळाची नोंद आहे. नकलांची वही कुणीच ठेवलेली नाही. आतली यंत्रं उघडावीत तर पुष्कळ संचांत चिपच्या जागी काळ्या इपॉक्सीचा एक थेंब असतो, त्यावर ना नंबर ना नाव. मग उरतो खोका. आपल्याकडे १९७७ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनी खोक्यावर उत्पादकाचं किंवा पॅकिंग करणाऱ्याचं नाव आणि पत्ता, वस्तूचं नाव, नगसंख्या, पॅकिंगचा महिना आणि साल, विक्रीची किंमत एवढं छापणं बंधनकारक केलं. हे नियम झाले ग्राहकाची फसवणूक थांबावी म्हणून, पण त्यामुळे प्रत्येक कायदेशीर खोका आपोआप एक दस्तऐवज झाला. कोणत्या शहरात संच जुळवला जात होता, दोन वर्षांत भाव किती उतरला, हे त्या तळाच्या बारीक अक्षरांत सापडतं. ज्या खोक्यावर यातलं काहीच छापलेलं नाही, तोही बोलतोच. भलत्याच कंपनीच्या यंत्राचं चित्र, चुकलेली इंग्रजी स्पेलिंगं, अर्थ न लागणारी जपानी अक्षरं, पत्ता नाही, किंमत नाही. हा माल कोणत्या वाटेने आला असेल याचा अंदाज त्या कोऱ्या जागेवरूनच बांधावा लागतो.

माझ्यासमोर एक खोका आहे. एका बाजूचं चित्र उन्हाने उडालं आहे. लाल आणि पिवळी शाई गेली, निळी तेवढी राहिली, त्यामुळे त्यावरचा हसरा मुलगा निळसर पडला आहे. वरचा फ्लॅप घडीवर फाटून अर्ध्यावर लोंबतो. तळाचा एक कोपरा पावसाळी ओलीने फुगून त्याचे पापुद्रे सुटले आहेत. मागच्या बाजूला दुकानाचा जांभळा शिक्का, पुसट पण वाचता येईल असा, आणि त्याशेजारी बॉलपेनने खोडून पुन्हा लिहिलेली किंमत. छापील किमतीपेक्षा ती कमी आहे, म्हणजे घासाघीस झाली. फ्लॅपच्या आतल्या करड्या बाजूवर पोरांनी पेन्सिलीने तक्ता आखला आहे, चार नावं आणि त्यांचे स्कोअर. एका नावापुढे आकडा इतक्यांदा खोडला आहे की तिथला कागद उसवला आहे.

संग्राहकांच्या बाजारात या खोक्याला जवळपास शून्य किंमत मिळेल. शिक्का हा डाग, पेनाचा आकडा हा डाग, तक्ता म्हणजे तर नासधूस. हा बाजार अमेरिकेत कुठवर गेला ते पाहण्यासारखं आहे. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची सील न फोडलेली एक प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, त्या वेळच्या दराने साडेअकरा कोटी रुपयांच्या घरात. हा खेळ जगभर एक कोटीहून जास्त विकला गेलेला आहे. तेव्हा एवढी रक्कम कुणी त्या खेळासाठी मोजली नाही. ती मोजली गेली पुठ्ठ्याचे कोपरे धारदार राहिले म्हणून आणि वरचं प्लास्टिक सुरकुतलं नाही म्हणून. परीक्षण करणाऱ्या कंपनीने त्या प्रतीला दहापैकी ९.८ गुण दिले होते.

गुणांच्या एका दशांशाने लाखोंचा फरक पडू लागला की हात शिवशिवणारच. पांढरे पडलेले कोपरे मार्करने रंगवायचे, दबलेली बाजू वाफ देऊन इस्त्रीने सपाट करायची, किमतीचं लेबल उतरवून त्याखालचा चिकटा सॉल्व्हंटने पुसायचा, फाटलेला फ्लॅप दुसऱ्या खोक्याचा कापून बसवायचा, आणि शेवटी यातलं काहीच केलं नाही म्हणून सांगायचं. माझा राग कौशल्यावर नाही. रंग जुळवणाऱ्याचा हात खरोखर तयार असतो. राग आहे तो शेवटच्या पायरीवर.

यावर कॉमिक्सच्या बाजाराने एक उपाय शोधला होता. तिथे सगळ्यांत मोठी परीक्षण कंपनी दुरुस्त केलेल्या अंकाला जांभळी चिठ्ठी लावते. तत्त्वतः हे योग्यच आहे, घेणाऱ्याला कळतं. पण झालं काय, की जांभळी चिठ्ठी लागताच भाव कोसळतो. फाटणारं पान शास्त्रशुद्ध जोडून वाचवणारा आणि रंग मारून फसवणारा, दोघे एकाच चिठ्ठीखाली आले. परिणामी प्रामाणिक माणूस दुरुस्तीच टाळतो, अंक सडू देतो, आणि लबाड माणूस आणखी बारीक काम करायला शिकतो. पुढे त्या कंपनीने जतनापुरत्या कामासाठी वेगळी चिठ्ठी काढली, ती यामुळेच. झीज थांबवणं आणि झीज लपवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मान्य करायला बाजाराला एवढा वेळ लागला. पोथ्या सांभाळणाऱ्यांना ते फार आधीपासून ठाऊक होतं.

ही लपवालपवी टाळून दुरुस्ती कशी करता येते ते सांगतो, कारण नुसत्या तत्त्वाच्या गोष्टींनी एकही फ्लॅप जोडला जात नाही.

आपल्या प्रेसवाल्यांच्या भाषेत हा पुठ्ठा म्हणजे डुप्लेक्स बोर्ड, ग्रे बॅक. बाहेरून पांढरा, गुळगुळीत लेप दिलेला थर, आत रद्दीच्या लगद्याचे करडे थर. रद्दीच्या लगद्यात तंतू आखूड असतात आणि लिग्निन भरपूर असतं. लिग्निन हवेने आणि उन्हाने पिवळं पडतं, आम्ल तयार होतं, तंतू आतून तुटू लागतात. म्हणून पेशवाईतलं चिंध्यांच्या कागदावरचं पत्र आजही लवतं आणि तीस वर्षांचा खोका घडीवर तडकतो. आमच्या खानदेशची हवा याला मदतच करते. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास, कागद वाळून कुरकुरीत, आणि जूनमध्ये एकदम दमट. पुठ्ठा दरवर्षी आक्रसतो आणि फुगतो. वरचा लेप मात्र त्याच्याबरोबर हलत नाही, म्हणून घडीवर ती पांढरी रेघ उमटते.

अशा पुठ्ठ्याचा पहिला शत्रू सेलोटेप. घरात खोका फाटला की हात आधी तिकडेच जातो. टेपचा चिकटा काही वर्षांत पिवळा, तेलकट होतो आणि कागदात मुरतो. मग वरची पट्टी आपोआप गळून पडते आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. दुसरा शत्रू सुतारकामाचा पांढरा गोंद. तो घट्ट धरतो हे खरं, पण एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही. उद्या जोड चुकला असं दिसलं तर सोडवताना मूळ पुठ्ठाच फाटतो. जोड नेहमी मूळ वस्तूपेक्षा थोडा कमजोर हवा, म्हणजे ताण आला तर जोड सुटेल आणि खोका वाचेल. हे सूत्र ज्याला पटलं त्याला निम्मी दुरुस्ती आली.

मग चिकटवायचं कशाने? जगभरचे कागद-जतनतज्ज्ञ ज्यावर विसंबून आहेत ती वस्तू आमच्या घरोघरी दर उन्हाळ्यात तयार होते. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, पाणी रोज बदलतात, मग वाटून, फडक्यातून गाळून चीक काढतात. रात्रभर ठेवला की चीक तळाशी बसतो आणि वरचं पिवळट पाणी ओतून देतात. हा गव्हाचा चीक म्हणजेच जतनाच्या शास्त्रातलं व्हीट स्टार्च. कोंडा गेला, चिवट ग्लुटेन बरंचसं गेलं, राहिलं शुद्ध पिष्ट. खळीसाठी घ्यायचा तो मीठ आणि हिंग पडण्याआधीचा. ताज्या पाण्याने दोन-तीनदा निवळून घ्यावा, म्हणजे आंबूसपणा जातो. मग एक भाग चिकाला चार-पाच भाग पाणी घालून मंद आचेवर सारखं ढवळत राहायचं. आधी तो दुधासारखा असतो, मग अचानक दाटतो, आणि अर्ध्या तासाने काचेसारखा अर्धपारदर्शक होतो. गार झाल्यावर गाळणीतून दोनदा दाबून काढला की लोण्यासारखी खळ तयार. जपानी कारागीर चित्रांच्या गुंडाळ्या बांधायला हीच खळ रांजणात दहा-दहा वर्षं मुरवून वापरतात, कारण मुरलेली खळ हलकी धरते आणि कागदाला ताठ करत नाही. हा चीक ज्या बायका हातच्या सवयीने काढतात, त्यांना कागद-जतनाच्या कार्यशाळेत नव्याने शिकण्यासारखं फार थोडं असेल.

आपले जुने बाइंडर खळीत मोरचूद टाकत. त्याने कसर आणि झुरळं लांब राहतात हे खरं. पण मोरचुदातलं तांबं कागदाची झीज वाढवतं हे आता कळलेलं आहे, तेव्हा ते नको. किडीचा बंदोबस्त कोरड्या जागेने आणि वरचेवर उघडून पाहण्याने करावा.

फाटलेल्या फ्लॅपचं काम असं. आधी मऊ कुंचल्याने धूळ झाडायची. फाटीच्या कडा बहुधा तिरप्या सुटलेल्या असतात, एका बाजूचे तंतू दुसऱ्या बाजूच्या खाली जातात. कोणता पापुद्रा वर होता हे पाहून त्या जशा होत्या तशा बसवून पाहायच्या, खळ न लावता. मग बारीक कुंचल्याने अगदी थोडी खळ आणि कडा मिटवायच्या. आतल्या करड्या बाजूने लांब तंतूंच्या पातळ हातकागदाची पट्टी. जपानी कोझो मिळाला तर उत्तम, नाहीतर नेपाळी लोकताही चालतो. पट्टी कात्रीने कापायची नाही. पाण्याची रेघ ओढून फाडायची, म्हणजे कडेला तंतूंची झालर राहते आणि पट्टीची धार पुठ्ठ्यात रुतत नाही. पुठ्ठ्याला ग्रेन असतो, तो एका दिशेने सहज वळतो आणि दुसऱ्या दिशेने अडतो. पट्टीचा ग्रेन त्याच दिशेने ठेवला नाही तर वाळताना फ्लॅप धनुष्यासारखा वाकतो. वर टिपकागद, त्यावर काच, त्यावर वजन, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. पापुद्रे सुटलेल्या कोपऱ्याचं कामही असंच. एकेका थरात पातळ खळ सारायची, मिटवायचं, दाबायचं. घाई केली आणि पाणी जास्त झालं तर छपाईचा लेप फोडासारखा उठतो, आणि तो पुन्हा बसत नाही.

रंगाचं काय? जिथे छपाईच उडाली आहे तिथे पांढरा ठिपका डोळ्यात खुपतो. इटलीच्या चेझारे ब्रांदी यांनी याचं उत्तर विसाव्या शतकात दिलं, आणि माझ्या मते त्याहून चांगलं उत्तर अजून मिळालेलं नाही. भित्तिचित्रातली गेलेली जागा त्यांनी बारीक उभ्या रेघांनी भरायला शिकवलं. चार हातांवरून चित्र सलग दिसतं, जवळ गेलं की रेघा स्पष्ट दिसतात. १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या बाराव्या कलमात हेच आहे. नवा भाग जुन्याशी जुळला पाहिजे, पण मुळापासून वेगळा ओळखूही आला पाहिजे. ती सनद वास्तूंसाठी लिहिली गेली, पण पुठ्ठ्यालाही ती तंतोतंत लागू पडते. रंग लावायचा तो आपण बसवलेल्या कागदाच्या तुकड्यावर, मूळ छपाईवर एक थेंबही नाही.

आज उत्तम वाटणारा इलाज उद्या घातक निघू शकतो, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. फाटक्या दस्तऐवजांना दोन्ही बाजूंनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटची पारदर्शक फिल्म आणि टिश्यू कागद लावून अ‍ॅसिटोनने चिकटवायची पद्धत दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने रूढ केली. यंत्र नको, महाग उपकरणं नकोत, म्हणून ती देशभर पसरली. त्या काळी ते शहाणपणाचंच काम होतं आणि त्याने पुष्कळ कागद वाचले. पण अ‍ॅसिटेट कालांतराने विघटित होतं, त्यातून व्हिनेगरचा वास येणारं आम्ल सुटतं आणि कागदालाच खातं. आता ते थर सोडवत बसावं लागतं. एवढ्या जाणत्या लोकांच्या बाबतीत हे झालं. म्हणून सोडवता येणारी दुरुस्ती हा माझा हट्ट आहे. पुढच्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळणार आहे, त्याची वाट आपण अडवू नये.

आता कुणी विचारेल, आणि विचारावंही, की परदेशी कंपनीच्या नकली खेळण्याच्या पुठ्ठ्यासाठी एवढा खटाटोप कशाला? बळसाण्याची प्राचीन मंदिरं, भामेरचा किल्ला आमच्याच तालुक्यात आहेत, त्यांच्याकडे आधी पाहा. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो आपुलकीतून येतो. पण साक्रीहून तासाभराच्या अंतरावर, धुळ्यात, त्याचं उत्तर उभं आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले, आणि त्यांनी जमवलेल्या कागदांसाठी १९२७ मध्ये तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला, त्यात १७५० ते १७६१ ही पानिपतापर्यंतची वर्षं येतात. त्यासाठीची पत्रं त्यांना वाईला एका घरात मिळाली. ज्यांच्या घरात अशी दफ्तरं होती त्यांतल्या कित्येकांच्या लेखी ती अडगळ होती, पोत्यांत कोंबलेली, उंदरांनी कुरतडलेली. वाण्याच्या याद्या, जमाखर्च, कुळकर्ण्याची टिपणं, यांत इतिहास आहे असं म्हणणाऱ्या माणसाला त्या काळी लोकांनी विक्षिप्त ठरवलं. धुळ्यातल्याच समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून गोळा केलेली रामदासी बाडं आहेत. एका जिल्ह्याच्या गावात एवढा कागद सांभाळला गेला, तेव्हा कागद मोठा की क्षुल्लक हे त्या वेळच्या माणसांना ठरवता येत नाही, हे निदान धुळे जिल्ह्यात तरी पुन्हा सिद्ध करायची गरज नसावी.

आणि खेळांचंच म्हणाल तर सावंतवाडीचा गंजिफा आहे. ती गोल, रंगवलेली पानं रंगवलेल्या लाकडी पेटीत येतात आणि पेटीशिवाय तो संच पुरा मानला जात नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपं जमवली, तेव्हा तीही कुणाच्या लेखी मोलाची नव्हती. खेळण्याचा खोका त्याच मालिकेतला आहे. फरक इतकाच, की लाकूड आणि पितळ वाट पाहू शकतं आणि रद्दीच्या लगद्याचा पुठ्ठा वाट पाहू शकत नाही. मंदिरं आधी, खोका नंतर, असा क्रम लावला तर खोक्याची पाळी येईपर्यंत त्याचा भुगा झालेला असेल.

दुसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा. ते म्हणतात, हातच लावू नका, जसा आहे तसा ठेवा. ऐकायला हे फार सात्त्विक वाटतं, पण जसा आहे तसा तो राहतच नाही. आम्ल आपलं काम करत असतं, लोंबता फ्लॅप प्रत्येक वेळी उघडताना आणखी थोडा फाटतो. हात न लावणं हाही एक निर्णय आहे आणि त्याचे परिणाम मोजावे लागतात. माझी मर्यादा एवढीच आहे, की पुढचं नुकसान थांबवण्यापुरतं करावं आणि झालेलं नुकसान दिसू द्यावं. तेव्हा माझ्यासमोरच्या खोक्याचा फ्लॅप जोडला जाईल, कोपऱ्याचे पापुद्रे बसतील. निळा पडलेला मुलगा निळाच राहील. शिक्का, खोडलेली किंमत आणि पोरांचा तक्ता यांना कुणीही हात लावणार नाही. शिक्क्यावरून कळतं की हा संच तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत पोचला होता. खोडलेल्या किमतीवरून कळतं तो किती पैशांना परवडला. तक्त्यावरून कळतं की एका संचावर चार पोरं खेळत होती. खोका नवाकोरा उरला असता तर यातलं काही कळलं नसतं. तो कुणी उघडलाच नाही, एवढंच त्याच्याकडून समजलं असतं.

राहिला प्रश्न नव्याने छापलेल्या खोक्यांचा. हल्ली स्कॅन करून, डाय कटिंग आणि क्रीझिंग करून हुबेहूब खोका छापून घेता येतो. कपाटात मांडायला तो घ्यावा, त्यात काही गैर नाही, उलट मूळ खोका उघडझाकीतून वाचतो. पण आतल्या बाजूला, पुसता येणार नाही अशा शाईत, तो नवा असल्याचं आणि छापल्याचं साल लिहिलेलं असायलाच हवं. अमेरिकी किंवा जपानी खेळाच्या बाबतीत खऱ्या-खोट्याची शहानिशा करायला हजारो मूळ नमुने शिल्लक आहेत. आपल्या नकली संचांच्या खोक्यांचा असा एकही भरवशाचा संग्रह नाही. तिथे चार बिनखुणेचे नवे खोके बाजारात सुटले, की वीस वर्षांनी कुणालाच काही सांगता येणार नाही. माझ्या घरची वस्तू, मी वाटेल ते करीन, असं म्हणायचा हक्क मालकाला आहेच, तो कायद्यानेही आहे. तो खोका दुसऱ्याच्या हातात देताना, विकत असो वा वारशाने, काय केलं ते सांगणं मात्र त्याच्यावर बंधनकारक आहे, असं मी मानतो.

ज्यांच्या माळ्यावर असा खोका आहे त्यांना म्हणूनच एक विनंती आहे. खळ शिजवण्याआधी मोबाइलवर सहाही बाजूंचे फोटो घ्या, फ्लॅप उघडून आतल्या बाजूंचेही. दुरुस्ती झाली की पेन्सिलीने एक चिठ्ठी लिहा, तारीख, काय फाटलं होतं, कोणता कागद लावला, खळ कशाची, आणि ती खोक्याच्या आत ठेवा, चिकटवू नका. दफ्तरं जशी रुमालात बांधत तसा धुतलेल्या मांजरपाटात खोका गुंडाळा आणि गच्चीखालच्या तापणाऱ्या माळ्यावरून खालच्या खोलीत, भिंतीपासून हातभर दूर आणा. आणि धुळ्याच्या संशोधन संस्थांनी, निदान आमच्या तालुक्यातल्या एखाद्या वाचनालयाने, एक वही घालावी. खोका मालकाकडेच राहू दे, वहीत फक्त त्याची नोंद हवी. सुरुवात तळाच्या फ्लॅपपासून करावी, कारण ओल आधी तिथेच लागते आणि पॅकिंगचा महिना, साल, पत्ता आणि किंमत बहुधा तिथेच छापलेली असते.